गणपतीच्या कुंडीतल्या छत्र्या

ठकू कुंडीपाशी फतकल मारून बसली होती. माझ्या डोळ्यांवर अजून झोप होती, त्यामुळं आधी मला तिची नुसती पाठ दिसली. मग ती वळली. बोटं पिवळीधम्मक, ओठांच्या कडेला पिवळं, हनुवटीला माती, आणि माझ्याकडं बघून खुशीत हसणं. कुंडीत एकही कुत्र्याची छत्री उरली नव्हती.

सकाळी होत्या. लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या, नाजूक दांड्यांच्या, एकमेकींना खेटून उभ्या. चहा पिताना मी त्यांच्याकडं बघून तोंड वाकडंही केलं होतं. आता तिथं उकरलेली ओली माती होती आणि आमची अडीच वर्षांची लेक होती.

“ठकू, आ कर. आ कर बघू!” मी तिच्या तोंडात बोट घातलं. दातांत माती कचकचली. “काय खाल्लंस? थू कर. थू!”

“मम्म,” ठकू म्हणाली.

“छत्री खाल्लीस?”

“खाल्ली.”

घरात दुसरं कुणी नव्हतं. राजश्री, म्हणजे माझी बायको, शाळेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली होती आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येणार होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोसायटीच्या मागच्या दत्ताच्या देवळात भजनाला गेल्या होत्या. रविवारची दुपार, बाप ढाराढूर झोपलाय आणि पोर विष खातंय, असा सगळा मामला. मी ठकूला उचललं आणि अनवाणीच जाऊन शेजारच्या बाबरांचं दार बडवायला लागलो.

या छत्र्यांचं मूळ गणपतीत होतं. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या वर्षी मी विसर्जन घरीच करायचं ठरवलं होतं. शाडूची मूर्ती, मोठी बादली, आणि विरघळलेली माती झाडांना. नदी घाण करायची नाही, यावर मी राजश्रीला चांगलं भाषण ठोकलं. तिला ते पटलं. आईंना पटलं नव्हतं, पण तसं त्या बोलून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. सासरे वारले, आईंना मुलगा नाही, म्हणून आम्ही त्यांना पाटणकडच्या गावाहून साताऱ्याला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे त्यांना रोज नवा संकोच. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. मी खुर्चीवर असलो की त्या जमिनीवर. जेवायला सगळ्यांच्या मागून, आणि जेवण तरी कसलं, जे उरेल ते. ठकूनं चिवडलेला भात, सकाळची पोळी, दुधाच्या पातेल्याच्या कडेची साय. राजश्री चिडायची, तर “टाकायचं कशाला?” एवढंच म्हणायच्या आणि जेवत राहायच्या.

बादलीत गणपती विरघळायला लागला, आधी सोंड गेली, तेव्हा आईंनी डोळे मिटून घेतले. ती माती मी हॉलमधल्या मोठ्या कुंडीत, पामच्या बुंध्याशी ओतली. “ह्या कुंडीला आता पाय लागू दिऊ नका जावईबापू,” त्या म्हणाल्या, “देव हाय तिच्यात.” देवापुढचं पंचामृत वाटीभर उरलं होतं आणि उकाड्यानं आंबलं होतं. राजश्री ते मोरीत ओतायला निघाली, तर आईंनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली. देवाचं काही मोरीत जायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मी हसून म्हणालो, “एक विसर्जन बादलीत, एक आईंच्या पोटात.” त्यावर त्याही पदराआड हसल्या.

पुढं पितृपंधरवडा लागला तरी पाऊस काही उघडेना. खिडक्या बंद, हॉलमध्ये कोंदट ओल, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. अशात एके सकाळी कुंडीत पिवळे ठिपके दिसले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांच्या छत्र्या झाल्या.

“कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात आपल्या हॉलमध्ये,” मी राजश्रीला हाक मारून म्हणालो. ती पुण्याला निघायच्या गडबडीत होती. तिच्याऐवजी आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“कुत्र्याच्या म्हणू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “गणपतीच्या मातीत आल्यात.”

“कुणाच्या का मातीत येईनात आई, या विषारी असतात. दर पावसाळ्यात पेपरात येतं, रानातली अळिंबी खाल्ली आणि अख्खं घर आडवं झालं म्हणून.”

“आमी खातूय की गावाकडं. वारुळावरची.”

“ती वेगळी, ही वेगळी. हे बघा.” मी एका छत्रीला बोट लावलं, तर बोटाला पिवळी भुकटी लागली. ते बोट मी त्यांच्यापुढं नाचवलं. “ठकूनं तोंडात घातलं म्हणजे? आत्ता उपटतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो.”

कचऱ्याचं नाव काढल्याबरोबर आईंचा चेहरा उतरला. “कचऱ्यात नगं. तुमी हात लावू नका. मी काढते.”

“नक्की? उद्या दुपारनंतर मला एकही दिसता कामा नये.”

“न्हाय दिसायची,” आई म्हणाल्या.

त्या एकदा हो म्हणाल्या की काम झालंच समजायचं, एवढा अनुभव मला होता. त्यामुळं मी निर्धास्त झालो आणि रविवारी जेवून ठकूला शेजारी घेऊन आडवा झालो.

तर बाबर वहिनींनी दार उघडलं. माझा अवतार बघूनच त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“ठकूनं कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या. विषारी असतात. माझ्याकडं नुसती स्कूटर आहे, वहिनी.”

वहिनी साताऱ्यातल्या रस्त्यांवर मारुती व्हॅन बुंगाट चालवायच्या आणि एरवी आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. त्या दिवशी त्यांनी खुंटीवरची किल्ली ओढली आणि चपला सापडेपर्यंतही थांबल्या नाहीत. बाबर सर टीव्हीसमोरून उठले. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही देवळात जा, आईंना सांगा आणि दवाखान्यात घेऊन या. त्यांच्याजवळ फोन नाही.”

गाडीत ठकू माझ्या मांडीवर बसून खिडकीच्या काचेवर पिवळी बोटं उमटवत होती. मी तिचे डोळे बघत होतो, कपाळ चाचपत होतो, नाडी बघत होतो. नाडी कशी बघतात हे मला ठाऊक नव्हतं, तरी मनगट धरून बसलो होतो.

“ठकूबाई,” वहिनी पुढूनच म्हणाल्या, “तू छत्री खाल्लीस का गं?”

“खाल्ली.”

“आणि माझी गाडी खाल्लीस का?”

“खाल्ली.”

“बघा भाऊजी! ही सगळ्यालाच खाल्ली म्हणते. काही खाल्लं नसेल तिनं. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका.”

“मग छत्र्या गेल्या कुठं?”

वहिनींनी हॉर्नवर हात ठेवला तो दवाखाना येईपर्यंत काढला नाही. मला मात्र आईंचा भयंकर राग येत होता. काढते म्हणाल्या होत्या! इतकी साधी गोष्ट, चिमटीनं उपटायची आणि फेकायची, आणि तेवढी न करता बाई टाळ कुटायला गेल्या. ठकूला काही झालं तर या बाईचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं मी मनात चक्क ठरवून टाकलं.

दवाखान्यात रविवारमुळं एकच डॉक्टर होत्या, शिंत्रे म्हणून, वयानं तरुण, बोलणं तुटक. त्यांनी ठकूला खाटेवर बसवलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

“कधी खाल्लं?”

“माहीत नाही. मी झोपलो होतो.”

“किती?”

“माहीत नाही. होत्या तेवढ्या सगळ्या गेल्यात.”

“उलटी? जुलाब?”

“अजून काही नाही. खेळतेय की हो ती! खेळतेय म्हणजे बरं आहे ना?”

त्यांनी ठकूचं पोट दाबून बघितलं. “काही जाती अशा असतात,” त्या म्हणाल्या, “की सुरुवातीला काहीच होत नाही. माणूस हसतो, बोलतो. आत मात्र यकृताची नासाडी सुरू झालेली असते.” माझ्याकडं बघून त्या थांबल्या. “एखादी छत्री आणलीय का दाखवायला?”

“एकही उरली नाही हो.”

“मग वाट बघण्यात अर्थ नाही. नाकातून नळी घालून पोट धुवून काढू. ती रडेल, ओरडेल. तुम्ही तिचे हात धरायचे. जमेल?”

मी मान हलवली. ठकू खाटेवरून पाय हलवत होती. तिच्या एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. तो मोजा कुठं पडला असेल, याचा मी त्या वेळी का विचार करत होतो कुणास ठाऊक.

“आधी हाततोंड धुऊन घेते हिचं,” सिस्टर म्हणाल्या आणि ठकूला बेसिनपाशी घेऊन गेल्या. त्यांनी साबण लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत ठकूच्या हातांवरून लाल पाणी वाहायला लागलं.

“रक्त!” मी किंचाळलो. “डॉक्टर, रक्त येतंय तिला!”

“रक्त कसलं?” सिस्टर माझ्यावर खेकसल्या. “हळद आहे ही. साबण लागल्यावर लाल होणारच.”

मी जाऊन ठकूचा हात नाकाशी धरला. हळदच होती. नुसती हळदही नाही, आमच्या देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याचा वास होता तो. पालीच्या खंडोबाचा भंडारा आई पितळी डबीत ठेवायच्या आणि कशालाही लावायच्या. नव्या कुकरला लावला होता, माझ्या स्कूटरला लावला होता, ठकूच्या तिचाकीलासुद्धा लावला होता. म्हणजे भजनाला जाण्याआधी त्यांनी कुंडीवर भंडारा वाहिला होता आणि ठकूनं त्यात हात घोळले होते. माझा जीव क्षणभर भांड्यात पडला.

क्षणभरच. “हळद तर हळद,” डॉक्टर म्हणाल्या. “पण छत्र्या गेल्या कुठं?”

“सासूबाईंनी काढल्या असतील.”

“काढल्या असतील की नक्की काढल्या? विचारा ना त्यांना.”

“त्यांच्याजवळ फोन नाही. येतीलच त्या इतक्यात.”

“इतक्यात म्हणजे कधी? मला थांबता येणार नाही हो.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी नळी हातात घेतली. सिस्टरांनी ठकूला चादरीत गुंडाळलं आणि मी तिचे दोन्ही हात धरले. तोवर हसत असलेल्या ठकूनं नळी पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि असा काही हंबरडा फोडला की बाहेर बाबर वहिनी रडायला लागल्या. “पप्पा, नको! पप्पा, नको!” मी तिचे हात आणखी घट्ट धरले. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडत होतं. आजही ठकू कधी फोनवर मोठ्यानं ‘पप्पा’ म्हणाली, आणि ती आता कॉलेजात आहे, तरी मी आधी ‘काय झालं?’ असंच विचारतो.

तेवढ्यात दार आपटलं.

“ती नळी काढा! तिनं न्हाय खाल्लं!”

दारात आई उभ्या होत्या. अनवाणी, साडीचा घोळ चिखलात भिजलेला, आणि डोक्यावर पदर नव्हता. त्यांचे पांढरे केस मी पहिल्यांदा पाहिले. मागं बाबर सर धापा टाकत होते.

“आई, तुम्ही बाहेर थांबा,” मी ओरडलो.

“तिनं न्हाय खाल्लं म्हणते ना! मी खाल्लंय.”

डॉक्टरांचा हात थांबला. “काय खाल्लंत तुम्ही?”

“छत्र्या. सगळ्या. भंडारा वाहिला, हात जोडलं आन् गुळाच्या खड्यासंगट खाल्ल्या. बारक्या बारक्या हुत्या, त्याबी. एक न्हाय मागं ठिवली. पोरीला कायसुदीक गावलं न्हाय.”

मला आनंद झाला. आडपडदा कशाला ठेवू? ठकू वाचली, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. चादर भिरकावून मी तिला उचललं आणि तिच्या हळदीच्या, साबणाच्या, शेंबडाच्या तोंडाचे मुके घेत हसत सुटलो. हसता हसता माझी नजर आईंवर गेली. त्या माझ्याकडंच बघत होत्या आणि त्याही हसत होत्या.

“झालं नव्हं?” त्या म्हणाल्या. “बसला नव्हं जीव जाग्यावर?”

आणि दाराची चौकट धरून त्या हळूहळू खाली बसल्या.

“देवळाबाहेरच्या नळापाशी बसल्या होत्या,” बाबर सर सांगायला लागले. “उलट्या करत होत्या. मी ठकूचं सांगितलं, तशा तोंड पुसून उठल्या. रिक्षात बसल्यापासून एकच, दादा गाडी जोरात घ्या, पोरीला कायतरी करतील तितं.”

आता खाटेवर आई होत्या. ठकू बाबर वहिनींच्या कडेवर बिस्किट खात होती आणि तिच्यासाठी आणलेली सगळी सामग्री तिच्या आजीकडं वळली होती. सलाईन लागलं. उलट्या थांबत नव्हत्या. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. डॉक्टरांनी मला विचारलं, “यांचं नाव?”

“हौसाबाई मोहिते.”

“वय? काही आजार, गोळ्या?”

मला सांगता येईना. माझ्या घरात त्या तिसरं वर्ष राहत होत्या. “बीपीची गोळी हाय,” आईच क्षीण आवाजात म्हणाल्या. “सकाळची अर्धी.”

डॉक्टर त्यांच्या उशाशी बसल्या. मघाची तुटक बोली आता मवाळ झाली होती. “आजी, विषारी आहे म्हणून यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगितलं हुतं.”

“मग खाल्ल्यात कशाला?”

आईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सवयीनं डोक्यावर पदर ओढायला गेल्या. हाताला सुई होती, त्यामुळं तो ओढता येईना. मी पुढं होऊन पदर सारखा केला.

“कचऱ्यात कशा टाकायच्या?” त्या म्हणाल्या. “देवाच्या मातीतल्या. नदीला सोडायच्या तर ह्या पावसात कोन जानार? जावईबापूंना कसं सांगायचं, तेवढ्यासाठी माहुलीला जा म्हनून? घरात ठिवावं तर ही पोरगी लई वंगाळ. उंचावर ठिवलं तर खुर्ची लावून काढती. मग म्हनलं, माझ्या पोटातनं काय काढून खाणार हाय?”

“अहो, पण तुम्हाला काही झालं असतं तर?”

“मला?” आई विचारात पडल्यासारख्या दिसल्या. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता, हे उघड होतं. “मला काय व्हायचंय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यासाठी हात पुढं केला.

गाडीत मी जे ठरवलं होतं ते मला आठवलं आणि माझी मान खाली गेली. भांडं मीच धरलं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. “उलट्या लवकर सुरू झाल्या, हे त्यातल्या त्यात बरं लक्षण. पण वय बघता मला धोका पत्करायचा नाही. छत्री नेमकी कुठली, ते कळलं तर फार बरं होईल. माझ्या माहितीतले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना दाखवू. घरी जाऊन बघा, एखादी राहिलीय का.”

“त्या म्हणतात एकही ठेवली नाही.”

“तरी बघा.”

मी वहिनींची व्हॅन घेऊन घरी निघालो. वाटेतच राजश्रीचा फोन आला. मागं एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

“शिरवळ सोडलं. ठकू काय करतेय?”

“ठकू बरी आहे. तू स्टँडवरून थेट दवाखान्यात ये.”

“बरी आहे तर दवाखान्यात कशाला?” तिचा आवाज चढला. “खरं सांगा, काय झालंय तिला?”

“ठकूला काही नाही गं. आईंना.”

ती म्हणाली, “आईला? आईला काय होणार?” तिची आईही हेच म्हणाली होती.

हॉलमध्ये अजून उजेड होता. मी कुंडीसमोर गुडघ्यांवर बसलो. काठाला भंडाऱ्याचं बोट ओढलेलं आता स्पष्ट दिसत होतं. घाबरलेल्या माणसाला मघाशी ते दिसलं नव्हतं. खाली फरशीवर गुळाचा चुरा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. आई इथंच बसल्या असणार, याच जागी, जावई आत घोरत असताना.

मी चमचा घेऊन माती चाळायला लागलो. इथं खड्डा, तिथं खड्डा, पण एकही दांडी मोडून राहिली नव्हती. आईंचं काम चोख असायचं, कुठल्याही भांड्याला कधी शीत चिकटलेलं दिसायचं नाही. काल एकही दिसता कामा नये म्हणणारा मी, आज एका छत्रीसाठी कुंडीपुढं नाक घासत होतो. “बाप्पा,” मी मोठ्यानं म्हणालो, “तुला बादलीत बुडवला, चुकलं असेल तर चुकलं. पण एक दे. एकच दे रे बाबा.” घरात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर माझ्या नदीवरच्या भाषणाची पार अब्रू गेली असती.

पामच्या बुंध्याला वाळलेलं एक पान चिकटलं होतं. ते सोलून काढलं, तर त्याच्या आड, अगदी मुळाशी, हरभऱ्याएवढी पिवळी टोपी दिसली. मी ती मातीसकट उचलली आणि स्टीलच्या डब्यात ठेवली. निघताना, कसं कुणास ठाऊक, माझे हात जोडले गेले.

प्राध्यापक दवाखान्यातच येऊन बसले होते. त्यांनी ती भिंगातून पाहिली, चुरगळून पाहिली, हुंगली. “ही कुंड्यांतच येते,” ते म्हणाले. “कोंदट ओल मिळाली की उगवते. पोटाचे हाल करते. जीव घेत नाही. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?” राजश्रीनं विचारलं. ती नुकतीच पोचली होती आणि खांद्यावरची बॅगसुद्धा तिनं उतरवली नव्हती.

“म्हणजे रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत बहुतेक,” ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस आम्ही त्या एका शब्दावर काढले. आईंचे डोळे जरा पिवळे दिसतात का, हे राजश्री आणि मी आळीपाळीनं बघायचो आणि दर वेळी आम्हाला ते पिवळेच दिसायचे. सिस्टर दारातून डोकावल्या तरी आम्ही दोघं उठून उभे राहायचो. आई मात्र जाग्या झाल्या की विचारायच्या, ठकू जेवली का, आणि दवाखान्याच्या ताटातली अर्धी पोळी कागदात बांधून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर शिंत्रे रिपोर्ट घेऊन आल्या. त्या दारापासूनच हसत होत्या, त्यामुळं कागद कुणी बघितलाच नाही. राजश्री आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

“येक सांगा जावईबापू,” घरी निघताना आई म्हणाल्या. “तपासायला छत्री कुठनं आणली? मी तर समद्या काढल्या हुत्या.”

“एक पानाच्या आड राहिली होती.”

“मग ती कुठं हाय आता?”

“असेल डब्यात. डॉक्टरांकडं.”

आई नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. या वेळी मला त्यांनी सांगायची गरज पडली नाही. डबा मी परत मागून घेतला आणि धो धो पावसात स्कूटरवरून माहुलीला जाऊन ती चुरगळलेली छत्री संगमात सोडून आलो. घरी आलो तेव्हा माझ्या अंगातून पाणी निथळत होतं. “भिजला की वं,” एवढंच आई म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन आल्या.

पुढच्या वर्षी विसर्जन पुन्हा बादलीतच केलं. त्यावरून मी मागं हटलो नाही. पण माती कुंडीत न ओतता घमेल्यात भरली आणि माहुलीच्या वरच्या अंगाला एका शेतात, आंब्याच्या बुंध्याशी घालून आलो. आई स्कूटरवर मागं बसून आल्या होत्या, पहिल्यांदाच. घरी परतलो तर राजश्रीनं पानं मांडली होती आणि देवापुढं पंचामृताची वाटी तशीच राहिली होती. आईंनी हात पुढं केला, पण त्याआधी मी ती उचलली.

“द्या हिकडं,” आई म्हणाल्या. “आंबलंय ते.”

“माहितेय,” मी म्हणालो आणि गटागटा पिऊन टाकलं. वाईट आंबलं होतं.

आई माझ्या हातातल्या रिकाम्या वाटीकडं बघत राहिल्या. राजश्रीनं आणखी एक पान मांडलं. आईंनी त्या पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला.

“ठके, सरक गं जरा,” त्या म्हणाल्या आणि आमच्या पंगतीत येऊन बसल्या.